आमच्या बिल्डिंगमधला शाकाहार

आमच्या घरात शाकाहार शिरला तो नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्यातून. लोकांकडे तो गुरूकडून येतो, आजोळाकडून येतो, निदान कुणाच्या तरी प्रवचनातून येतो. आमच्याकडे एका सोमवारी सकाळी उजव्या पायाचा अंगठा छोट्या वांग्यासारखा जांभळा होऊन सुजला, आणि जो माणूस अंबरनाथच्या कारखान्यात अख्ख्या शॉपफ्लोअरवर ओरडतो तो चादरीची कड लागली म्हणून "आई गं" करून उठला. आदल्या दिवशी रविवार होता. रविवारी मटण आणायला नवरा स्वतः जायचा. भाजीच्या बाबतीत माझ्यावर भरवसा होता, मटणाच्या बाबतीत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याकडे नुसतं लांबून पाहिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "युरिक ॲसिड वाढलंय. मटण बंद, मासे बंद, कलेजीचं तर नावही काढायचं नाही. बिअरही बंद."

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू हा कट मीच केला होता. मग डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मग खायचं काय?"

"बाकी सगळं," त्या म्हणाल्या.

"बाकी काय असतं?"

हा प्रश्न त्याने अगदी मनापासून विचारला होता. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस. त्याच्या आईने बांधावर वाल लावले, अंगणात शेवगा वाढवला, छपरावर दुधी चढवला, त्यावर हा मोठा झाला. पण बदलापूरच्या शिरगावात फ्लॅट घेतल्यापासून भाजी म्हणजे जेवणाच्या आधी उरकायची एक गोष्ट झाली होती, सभेत पाहुण्यांचं स्वागत उरकतात तशी. खरी सभा नंतर सुरू व्हायची, रश्शाच्या वाटीत.

माझं माहेर बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. आमच्याकडे मटण शिजायचं जत्रेला आणि जावई आला की. मासळी बाजाराच्या दिवशी, तीही असली तर. बाकी वर्षभर आम्ही काय खात होतो? टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, वाल, नाचणीची भाकरी, कधी पहिल्या पावसात उगवणारी शेवळं. आई शेवळाची भाजी काकडाच्या आंबट फळांसोबत शिजवायची, नाहीतर घसा खाजून जीव नकोसा होतो. याला कुणी शाकाहार म्हणत नव्हतं. जेवण म्हणत होते. पुढे घरात पगार आले, गॅस आला, फ्रिज आला, आणि आठवड्यातून निदान दोनदा वशाट शिजलं नाही तर लोकांना आपण गरीब झालो की काय असं वाटायला लागलं.

पहिला महिना वाईट गेला. बटाटा, भेंडी, फ्लॉवर, पुन्हा बटाटा. नवरा ताटासमोर सुतकात बसल्यासारखा बसायचा. माझा धाकटा दीर उल्हासनगरला राहतो. तो भेटायला आला, सोफ्यावर पाय पसरून बसला आणि म्हणाला, "वहिनी, दादाला आता गवत घाला. सांगा, एखादी पेंढी आणून देतो." स्वतःच्या विनोदावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाणी आणायला जरा वेळ लावला.

मग नवऱ्याला पनीर सापडलं. "शाकाहारी लोक पनीर खातात," तो असं बोलला की जणू कारखान्यात एखादं नवीन मशीन बसवलं होतं. आम्ही बदलापुरातल्या एका हॉटेलात गेलो. मेनूकार्ड लग्नाच्या अल्बमएवढं जाड, आणि आत काय? लाल रश्शातलं पनीर, पांढऱ्या रश्शातलं पनीर, हिरव्या रश्शातलं पनीर. नावं राजामहाराजांची, चव एकच, काजूची पेस्ट आणि मलई. ज्या देशात पावलोपावली वेगळा पाला उगवतो, तिथल्या शाकाहारी हॉटेलवाल्याला एका पांढऱ्या चौकोनापलीकडे काही सुचत नाही, याची मला लाज वाटली. नवऱ्याला नाही वाटली. त्याने तिन्ही रंग संपवले आणि रात्रभर छातीवर हात ठेवून बसला.

याच दिवसांत आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना बातमी लागली. ते चौथ्या मजल्यावर राहतात. दारावर नावाच्या पाटीखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'शुद्ध शाकाहारी'. येणाऱ्याने आधी हे वाचायचं, मग बेल दाबायची. ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले.

"अभिनंदन वहिनी! शेवटी आलात आमच्यात."

"आम्ही कुठे आलो?" मी विचारलं. "ह्यांचा अंगठा आलाय."

त्यांना ते ऐकू गेलं नाही. अशा माणसांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं. ते नवऱ्याचा हात धरून म्हणाले, "साहेब, मांसाहार सोडला की पहिल्यांदा मन शांत होतं. बघा तुम्ही. राग जातो, बुद्धी तल्लख होते."

हे सांगणाऱ्या माणसाने आदल्याच आठवड्यात पार्किंगवरून वॉचमनच्या अंगावर चप्पल उगारली होती. आणि मी त्यांच्या घरी हळदीकुंकवाला जात असे, त्यामुळे मला त्यांचं स्वयंपाकघरही माहीत होतं. फरसाणाचे डबे, बिस्किटांचे पुडे, पापड, लोणची, केचप. हिरवं म्हणून त्या घरात एकच वस्तू बघितली, पिस्त्याची बर्फी. त्यांची बायको बिचारी मला हळूच सांगायची, "ह्यांना बटाट्याशिवाय काही चालत नाही हो. पालेभाजी केली की म्हणतात, मी काय शेळी आहे?" सेक्रेटरींना डायबेटिस आहे, बीपी आहे, आणि दोन्हींचा दोष ते शहरातल्या हवेला देतात.

त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, सात्त्विक आहाराचा. नवऱ्याला त्यात घातलं. मग एका रविवारी उल्हासनगरला एका हॉलमध्ये शिबिर होतं, तिथे आम्हाला नेलं. मुंबईहून एक वक्ते आले होते, पांढरा कुर्ता, गळ्यात उपरणं. दात मोठे की आतडी लांब, यावरून माणूस मुळात शाकाहारी कसा, हे त्यांनी समजावलं. शाकाहारी माणसाच्या चेहऱ्यावर तेज असतं असं म्हणाले, म्हणून मी हॉलभर नजर फिरवली. तेज ट्यूबलाइटचं होतं. मध्येच माइक कुरकुरला, तर या शांत मनाच्या गृहस्थांनी माइकवाल्याला सगळ्यांसमोर असं झापलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या.

जेवायला काय असावं? सोयाबीनचे तुकडे लाकडी काडीला गुंडाळून तंदूरमध्ये भाजलेले, थेट कोंबडीच्या तंगडीच्या आकाराचे. शेजारी 'व्हेज खिमा'. शेजारी मैद्याचे माशाच्या आकाराचे कटलेट, त्याला मिरीचा डोळासुद्धा लावलेला. मांस सोडून पिढ्या झालेल्या या लोकांना मांसाच्या आकाराची एवढी ओढ का, हे मला कळेना. एका बाईने ती तंगडी दाताने ओढत मला विचारलं, "अगदी चिकनसारखं लागतं ना?"

"तुम्ही कधी खाल्लंय चिकन?"

"शी! नाही हो."

"मग कसं कळलं?"

ती बाई उठून दुसऱ्या टेबलावर गेली. नवऱ्याने मात्र दोन तंगड्या खाल्ल्या. डोळे मिटून खाल्ल्या.

मी नोकरी करते ती उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, कपड्यांच्या दुकानात, ड्रेस मटेरियलच्या काउंटरवर. दुकानाची मालकीण सिंधी आहे. आम्ही तिला दीदी म्हणतो. आवाज असा की रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक आत येतं. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना मी हे सगळं सांगितलं, तर ती जेवण सोडून हसायला लागली.

"अरे, तेरे घर में आलू-भेंडी के सिवा कुछ पकता है क्या? आदमी बेचारा भागेगा ही ना!" मग माझ्या डब्यात बोट दाखवून म्हणाली, "और ये तुम लोग हर चीज में शेंगदाण्याचा कूट क्यों डालते हो? भाजी की चव ही नहीं आती."

मला राग आला. पण तिने तिच्या डब्यातली साई भाजी माझ्या झाकणावर वाढली आणि राग खाली बसला. पालक, शेपू, आंबट चुका, हरभऱ्याची डाळ, एखादं वांगं, टोमॅटो, सगळं एकत्र शिजवून घोटलेलं आणि वर लसणाची फोडणी. मी आयुष्यभर पालकाची पातळ भाजी करत आले होते, आणि त्यात कमी काय होतं ते त्या एका घासात कळलं. दुसऱ्या दिवशी तिने भे आणले, म्हणजे कमळाचे देठ. कापले की आत चकलीच्या साच्यासारखी भोकं दिसतात. मग बेसन खमंग भाजून केलेली चिंचेची सिंधी कढी, तिच्यात गवार, भेंडी, शेवग्याच्या शेंगा उभ्या. मी आमच्याकडच्या ताकाच्या कढीशी इतकी वर्षं एकनिष्ठ राहिले याचं मला वाईट वाटलं.

"दीदी, तुम्ही शाकाहारी आहात?" मी विचारलं.

"मैं? छी!" ती म्हणाली. "संडे को मटण, मंडे को भगवान का दिन, बाकी जो मन में आए. दाँत किसलिए दिए हैं?"

मी घरी साई भाजी केली. डॉक्टरीणबाईंना आधी फोन करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, भाज्या खुशाल द्या, डाळी-कडधान्यं बेताने. नवऱ्याने पहिल्यांदा वाटीत बघून नाक वाकडं केलं, मग भाकरी मोडली, मग दुसरी मागितली. बोलला काहीच नाही. चांगलं झालं असेल तर आमच्याकडे बोलत नाहीत. बोलतात ते मीठ कमी पडल्यावर.

त्यानंतर मी पेटले. बदलापूर स्टेशनबाहेर डोंगराकडच्या वाड्यांतून बायका पाट्या घेऊन बसतात. इतकी वर्षं त्यांच्यासमोरून मी फ्लॉवर घ्यायला पुढे जात होते. आता थांबायला लागले. करटोली आणली, फोडशी आणली, कोवळा बांबू आणला. शेवळं आणली तर नवरा म्हणाला, "यात सोडे नाहीत?" आमच्याकडे सुकी कोळंबी घातल्याशिवाय शेवळाला शेवळं म्हणत नाहीत. मी वाल घातले. त्याने ताट चाटलं आणि तरी म्हणाला, "सोडे हवे होते."

त्याच पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आली. कुडाळकडची मुलगी, अंबरनाथच्या एका हॉस्पिटलात नर्स. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. आल्याच्या पहिल्या रविवारी तिने बांगडे तळले. तळलेल्या बांगड्याचा वास जिन्याने वर जातो, लिफ्टने जात नाही, त्यामुळे चौथ्या मजल्यापर्यंत मजल दरमजल करत गेला. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला, "काही घरांतून येणाऱ्या दुर्गंधीबद्दल." काही घरांतून म्हणे. घर एकच होतं आणि ते कोणतं हे लहान पोरालाही माहीत होतं.

मी खाली जाऊन तिची ओळख करून घेतली. खरं सांगते, वासाच्या ओढीनेच गेले. ती दारात बसून केळफूल सोलत होती, हाताला तेल लावून, एकेका फुलातला कडक दांडा आणि पापुद्रा काढत. एवढी खटपट करणारं माणूस मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"काकी, बसा ना. तुम्ही खाता केळफूल?"

"खाते. करत नाही."

"मग नेवा थोडी. एकटीसाठी केली तर उरता."

त्या केळफुलाने आमच्या घरात क्रांती केली. त्यानंतर तिच्याकडून वाट्या येत राहिल्या आणि मी त्या रिकाम्या परत नेत नव्हते. काळ्या वाटाण्याचं सांबारं, भाजलेल्या खोबऱ्याचं, तोंडात घेतलं की कपाळावर घाम. कोवळ्या फणसाची भाजी. अळूच्या पानांच्या गाठी, त्यात फणसाच्या आठळ्या. गावाहून आणलेल्या ओल्या काजूची उसळ. शेवग्याचा पाला खोबऱ्यात परतून. दर वेळी वेगळी चव, आणि कशातही पनीर नाही. तिला मी एकदा म्हटलं, "तू मासे खातेस तरी भाजीवर इतके कष्ट घेतेस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "काकी, मासो सोमवारी, गुरुवारी खात नाही. श्रावणात नाही, गणपतीत नाही. तेव्हा मग खायचा काय? वायट खायचा?"

मला तेव्हा लक्षात आलं की मला माहीत असलेल्या चांगल्या शाकाहारी स्वयंपाक करणाऱ्या सगळ्या बायका मांसमच्छी खाणाऱ्या आहेत. माझी आई, दीदी, ही पोरगी. जे कधीच खात नाहीत आणि त्याची पाटी दारावर लावतात, त्यांच्या घरात बटाटा. त्यांचं सगळं कसब काय खात नाही हे सांगण्यातच संपतं, खायचं काय याला जोर उरत नाही. अर्थात याला अपवाद असतील. आमच्या बिल्डिंगमध्ये नव्हते.

इकडे नवऱ्याचं वजन उतरलं. पट्ट्याला घरच्या घरी नवीन भोक पाडावं लागलं. अंगठा शांत झाला, पोट साफ राहायला लागलं, दुपारी कारखान्यात डुलक्या येत नाहीत असं तो सांगू लागला. हा फायदा खरा होता, मी नाकारत नाही. मीही जिना चढताना आधीसारखी धापा टाकत नव्हते. पण फायदा झाला की माणूस गप्प बसत नाही. नवरा प्रचारक झाला. लग्नात जेवणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून लोकांच्या ताटात डोकवायचा आणि म्हणायचा, "हे पोटात सडतं, माहितीये?" दिराला त्याने सांगितलं, "तू मढं खातोस." हाच माणूस वर्षभरापूर्वी नळीतला मगज काढायला ताटावर नळी आपटायचा. नाकाने कांदे सोलणारे मी पुष्कळ पाहिले, पण हे कांदे माझ्याच स्वयंपाकघरातले होते आणि सोलणाऱ्याला कांदा चिरता येत नव्हता.

सेक्रेटरींना असाच माणूस हवा होता. वार्षिक सभा खाली पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, बिस्किटं. लिफ्टचं झालं, पाण्याच्या टाकीचं झालं. मग सेक्रेटरींनी घसा साफ करून ठराव वाचला की यापुढे सोसायटीत भाडेकरू ठेवायचा तर शाकाहारीच ठेवावा, 'बिल्डिंगच्या पावित्र्याच्या दृष्टीने'. मागच्या रांगेत ज्यांचे पोरगे शनिवारी चिकन लॉलीपॉपचं पार्सल गाडीच्या डिकीतच बसून संपवतात, ते बापही माना हलवत होते. बाहेर खाल्लेलं बहुधा पावित्र्यात धरत नाहीत.

"आणि हे कुणावर लादलेलं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "आपल्या बिल्डिंगमध्ये जिवंत उदाहरण आहे. साहेब, दोन शब्द बोला."

जिवंत उदाहरण उभं राहिलं. नवऱ्याने शर्ट आत खोचला होता, भोक पाडलेला पट्टा दिसावा म्हणून. त्याने अंगठ्याची कथा सांगितली, वजनाची सांगितली. "आणि माझा राग तर पूर्ण गेला," असं म्हणाला तेव्हा मला मोठ्याने हसू आलं. चार माणसांनी मागे वळून बघितलं. मग त्याला रंग चढला.

"लोकांना वाटतं शाकाहारात काही व्हरायटी नाही. अहो, मी काय काय खातो! काळ्या वाटाण्याचं सांबारं खाल्लंय कुणी? केळफूल? फणसाची भाजी अशी लागते की मटण विसराल."

"केळफूल कुणी दिलं?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

तो थांबला. "आता ते इथे कशाला?"

"इथेच. सांगा ना, कुणी दिलं? सांबारं कुठून येतं?"

ती मुलगी सभेला नव्हती. भाडेकरूंना बोलावतच नाहीत, आणि तिची त्या दिवशी ड्युटी होती. ज्याच्याबद्दल ठरवायचं ते माणूस समोर नसलं की ठराव पटापट होतात.

मी उभी राहिले. "ह्यांनी आता जेवढ्या भाज्यांची नावं घेतली, त्या सगळ्या दुसऱ्या मजल्यावरून आल्यात. जिथून बांगड्याचा वास येतो तिथून. त्या मुलीला काढलंत तर ह्यांच्या शाकाहारात पुन्हा बटाटा उरेल."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सेक्रेटरी लाल झाले. "वहिनी, तुम्ही विषय भरकटवताय. मुद्दा वासाचा आहे."

"बरोबर आहे. तुमच्या घरातून कसलाच वास येत नाही. काही शिजलं तर येईल ना."

मग हसणं कुणाला आवरेना. सगळ्यात आधी हसली ती सेक्रेटरींची बायको, आणि तिने लगेच तोंडावर रुमाल धरला. ठराव पुढच्या सभेपर्यंत ढकलला गेला. चहा गार झाला होता, तो लोकांनी तसाच प्यायला.

घरी आल्यावर नवऱ्याने पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. "चारचौघांत माझी शोभा केलीस."

"तुम्ही तिचं अन्न खाऊन तिच्याविरुद्ध उभे राहिलात. शोभा मी केली?"

"मी तिच्याविरुद्ध काही बोललो नाही! मी शाकाहाराबद्दल बोललो."

मला वाटतं त्याचा यावर खरोखर विश्वास होता, आणि हीच तर पंचाईत. राग पूर्ण गेलेला हा माणूस पुढे आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. जेवत मात्र होता. दुसऱ्या मजल्यावरून भारंगी आली तीही जेवला.

मी जिंकले असं मला तेव्हा वाटलं होतं. मूर्खपणा. पावित्र्यवाल्यांना ठराव लागतोच कुठे? फ्लॅटचा मालक ठाण्याला असतो. त्याला फोन गेला. कोणी केला ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. करार संपायच्या आधी मालकाने त्या मुलीला कळवलं की मुलाचं लग्न ठरलंय, घर त्याला लागणार. त्याचा मुलगा शाळेत जातो. तिने हे मला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, चिडलीही नाही. तेच मला जास्त लागलं. म्हणाली, "काकी, मला सवय आहे. कल्याणला पण असाच झाला होता. तिथे कारण दिलेला, पाण्याचा." मग उठून तिने खोबरं भाजायला घेतलं.

ती अंबरनाथला गेली, हॉस्पिटलच्या जवळ. सामान हलवायच्या दिवशी नवरा सकाळीच खाली उतरला, कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाचा टेम्पो घेऊन आला आणि स्वतः सिलिंडर उचलला. सेक्रेटरी गेटपाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्ही कशाला त्रास घेताय?" नवरा म्हणाला, "बाजूला व्हा, टेम्पो मागे घ्यायचाय." बस एवढंच. त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा मी ठेवली नव्हती, आणि खरं तर एवढीही नव्हती. तो सात्त्विक आहाराचा ग्रुप त्याने सोडला का? नाही. हात जोडलेल्या गाजरांची चित्रं तो अजून रोज सकाळी पुढे पाठवतो.

आता त्या फ्लॅटमध्ये एक शुद्ध शाकाहारी कुटुंब राहतं. सज्जन माणसं आहेत, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. दोघंही नोकरीला. संध्याकाळी पार्सलवाला येतो, कधी पिझ्झा, कधी नूडल्स, कधी पनीर. जिन्यात सकाळी खोक्यांचा ढीग असतो आणि त्याला मुंग्या. सेक्रेटरी परवा लिफ्टमध्ये समाधानाने म्हणाले, "बघा वहिनी, आहे का काही वास?"

दुकानातून सुटल्यावर मी अधूनमधून अंबरनाथला उतरते. ती ड्युटीवर नसली तर तिच्या ओट्यापाशी स्टूल घेऊन बसते. मागच्या आठवड्यात तिने फणसाची भाजी डब्यात भरून दिली. नवऱ्याने ती ताटात नीट पसरली, शेजारी लिंबाची फोड ठेवली, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, 'आजचा सात्त्विक मेनू' असं लिहून. मी त्याच्या खांद्यावरून वाचत होते. मिनिटभरात चौथ्या मजल्यावरून उत्तर आलं, हात जोडलेले आणि पुढे, "अति उत्तम! वहिनींना सांगा, रेसिपी पाठवा."

मी पाठवली नाही.